वाव

नारायण पेठेतल्या माझ्या फ्रेमच्या दुकानात
देव येतात, आजोबा येतात, पदव्या येतात.
समुद्र कधी आला नव्हता.

कमांडर रेवाळे तो गुंडाळून घेऊन आले
सहकारनगरहून, बसनं,
काखेत छत्री धरावी तसा.
काउंटरवर उलगडला. कोपऱ्यांवर वजनं ठेवली:
माझी पकड, फूटपट्टी, त्यांची चष्म्याची डबी.
चहाचा ग्लास मी ठेवला, तो त्यांनी उचलून लांब सरकवला.

म्हटलं, साहेब, हा उलटा छापलाय का?
पाण्यात मुंगीला पाय ठेवायला जागा नाही इतके आकडे,
आणि जमीन कोरी.
एक देऊळ, एक दीपगृह, एक टेकडी,
होडीतून दिसेल तेवढंच.
"आमच्या लेखी तुम्ही सगळे कोरेच," ते म्हणाले.
मग पुणं कुठंय?
त्यांचं बोट कागद संपवून माझ्या टेबलावर उतरलं,
सरसाच्या डागावर थांबलं.
"इथं. चौतीस वर्षं पाणी मोजलं
आणि येऊन राहिलो इथं."

आकडे वावांत होते. वाव म्हणजे?
त्यांनी दोन्ही हात पसरले,
उजवा जाऊन गणपतीच्या काचेला लागला.
माझ्या दुकानात एका वावालाही वाव नाही.

दोरीला शिसं, शिशाच्या बुडाला चरबी.
वर ओढलं की चरबीला चिकटून येई तळ:
वाळू, चिखल, फुटका शिंपला.
पुढं यंत्रं आली. आवाज खाली जातो, परत येतो.
"पण आवाजाला वास नसतो," म्हणाले.

कागदावर जांभळा शिक्का होता: रद्द.
आता जहाजाच्या कामाचा नाही. भिंतीच्या आहे.

रात्री मी तो साफ केला,
आधी पावाच्या मऊ गोळ्यानं, मग खोडरबरानं.
मधोमध पाण्यात एक डाग होता,
माशी बसून गेल्यासारखा.
घासला. अर्धा गेला.
तेव्हा भिंग लावलं.
बेरजेची खूण होती ती. हातानं काढलेली,
भोवती ठिपक्यांचं कडं.

बुधवारी ते आले. मी लपवलं नाही.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला,
कागद नाकाला लावला.
मला वाटलं, आता जहाजावरचा आवाज ऐकायला मिळणार.
"मीही खोडला होता," म्हणाले.

लेफ्टनंट असताना. जुन्या नकाशावर खडक होता,
शेजारी शंकेची खूण.
अकरा दिवस पाणी नांगरलं, खाली नुसता चिखल.
दामा नाखवा सांगत होता,
हाय साहेब, आमची जाळी फाटत्यात तिथं.
जाळी कशानंही फाटते, मी म्हणालो.
सही केली. नवा नकाशा निघाला, स्वच्छ.
सहा वर्षांनी एक छोटं मालवाहू जहाज,
कौलं भरलेलं,
तोच नकाशा पुढ्यात पसरून तिथून निघालं होतं.
नऊ जण होते. सहा परत आले.
मग दुरुस्तीचा हुकूम.
"ही प्रत माझी. म्हणून हातही माझा."

गिऱ्हाईक दारात आलं होतं,
मी बोटानंच थांबवलं.

त्यांनी दोन टोकांचा कंपास मागितला.
माझ्याकडं मुलीच्या दप्तरातला होता, पेन्सिल अडकवायचा.
चालेल म्हणाले.
अक्षांश मोजला. रेखांश मोजला. परत मोजला.
हात थरथरायचा,
पण टोक कागदाला टेकलं की थांबायचा.
वीस मिनिटं लागली दोन रेघांना.
खडकाला बेरजेची खूण का देतात,
ते विचारायचं राहून गेलं.

काच बसवताना म्हणाले, पुसायची असेल तर बाहेरून.

आता कुणाच्या आजोबांच्या गालावर
ठिपका दिसला तर आधी भिंग लावतो.
विचारतो, हा राहू द्यायचा?
बहुतेक जण म्हणतात, काढून टाका.